वाचकांचे प्रश्न: गाडीतला आवाज सुधारायचा, तर हात आधी कुठे घालावा?

गाडीसोबत आलेला स्टिरिओ आणि त्यावर चढवायचा नवा सरंजाम, या विषयावर बरीच पत्रे साठली होती. त्यांतल्या सात पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे मोठी असल्याने प्रत्येकाचा आशय थोडक्यात दिला आहे.

प्रश्न: माझी गाडी चार वर्षे जुनी आहे. स्टिरिओ आणि चारही दारांतले स्पीकर कंपनीचेच आहेत. आवाज वाढवला की तो फाटतो, आणि कमी ठेवला तर रस्त्याच्या घरघरीत गाण्यातला खर्ज हरवतो. दुकानदार स्टिरिओ बदला म्हणतो, मित्र स्पीकर बदला म्हणतो. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत, म्हणून दोन्ही सुटी करून पाहू.

आवाज वाढवल्यावर तो फाटतो, याचे कारण बहुधा स्टिरिओच्या आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरची ताकद संपणे हे असते. स्टिरिओवर "50 वॅट गुणिले 4" असे छापलेले असते, तो आकडा कुठून येतो ते पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब सुमारे 14.4 व्होल्ट असतो आणि गाडीच्या स्पीकरचा अवरोध साधारण 4 ओहम धरला जातो. 14.4 चा वर्ग करून त्याला 4 ने भागले की 51.8 वॅट मिळतात, पण ही शक्ती मिळते ती तरंगाचे शेंडे कापून त्याचा पूर्ण चौकोन झाल्यावरच, म्हणजे आवाज ऐकण्याजोगा उरलेला नसताना. स्वच्छ तरंगासाठी हाच हिशेब केला तर कागदावर 26 वॅट येतात, आणि आतल्या चिपमधला क्षय वजा जाता हाती साधारण 15 ते 20 वॅट पडतात. तेव्हा वेष्टणावरचा मोठा आकडा सोडून "आरएमएस", म्हणजे सतत देता येणारी शक्ती, असे लिहिलेला आकडा पाहावा. ॲम्प्लिफायरवर सीटीए-2006 या मानकाचा उल्लेख असेल तर उत्तमच, कारण त्यानुसार शक्ती 14.4 व्होल्ट, 4 ओहम आणि 1 टक्का विकृती या ठरलेल्या अटींवर मोजावी लागते.

कमी आवाजात खर्ज हरवतो त्याचे कारण मात्र बाहेर आहे. टायर आणि इंजिन यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या स्वरांतच असतो, त्यामुळे तो गाण्याचा नेमका तोच भाग झाकून टाकतो. शिवाय कंपनीचे स्पीकर बहुतेकदा कागदी शंकूचे आणि लहानशा चुंबकाचे असतात, आणि ते ज्या पत्र्याच्या दारात बसवलेले असतात त्याला आतून कसलाही आधार नसतो.

म्हणून माझा क्रम दुकानदाराच्या नेमका उलटा आहे. आधी दार, मग पुढचे स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, आणि स्टिरिओ सर्वांत शेवटी, तोही खरोखर गरज असेल तरच. नुसता स्टिरिओ बदलला तर पडदा मोठा मिळेल, फोन पटकन जोडला जाईल, पण त्याच्या आतली चिप जवळपास तेवढ्याच ताकदीची असते आणि स्पीकर तर तेच राहतात. अशा बदलानंतर "काहीच फरक पडला नाही" अशी निराशा व्यक्त करणारी पत्रे माझ्याकडे सर्वांत जास्त येतात.

मित्राचा सल्ला अधिक बरा आहे, पण त्यालाही एक अट आहे. नवे स्पीकर घेताना त्यांची संवेदनशीलता पाहा. 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. 92 डेसिबलचा स्पीकर आणि 87 डेसिबलचा स्पीकर यांत 5 डेसिबलचा फरक आहे, म्हणजे दुसऱ्याला तेवढाच आवाज काढायला तिप्पट शक्ती लागते. जड शंकूचा, भारी किमतीचा स्पीकर कंपनीच्या स्टिरिओला जोडल्यावर पूर्वीपेक्षा दबलेला वाटतो, तो यामुळेच. ॲम्प्लिफायर लगेच बसवायचा नसेल, तर 90 डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचे आणि कमी शक्तीवर चालणारे स्पीकर निवडावेत.

आणखी एक गोष्ट, हिला पैसे पडत नाहीत. पाना हातात घेण्यापूर्वी स्टिरिओमधली बेस-ट्रेबलची सगळी मापे शून्यावर आणा, फोन ब्लूटूथने जोडत असाल तर फोनचा स्वतःचा आवाज पूर्ण वाढवून ठेवा, आणि एखादे चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण ऐकून पाहा. दाबून लहान केलेली फाइल आणि त्यावर टोकापर्यंत चढवलेला बेस, एवढ्यानेही आवाज फाटू शकतो.

प्रश्न: मी स्वतः पुढच्या दारांतले स्पीकर काढून चांगल्या नावाचे साडेसहा इंची स्पीकर बसवले. गायकाचा आवाज स्वच्छ झाला, पण खर्ज पूर्वीपेक्षाही पातळ झाला आहे. स्पीकर सदोष निघाले असतील का?

उत्तर: स्पीकर सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तुमच्या वर्णनावरून तीन संशयित दिसतात, आणि तिन्ही दाराच्या आतच सापडतील.

पहिला संशय उलट्या जोडणीचा. एका दारात अधिक आणि उणे या तारांची अदलाबदल झाली, की एक शंकू पुढे येतो त्याच क्षणी दुसरा मागे जातो, आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना मारून टाकतात. वरचे स्वर मात्र ठीक वाटत राहतात, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. ती शोधायला घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरच्या तारा स्टिरिओकडून सोडवा, सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला आणि उणे टोक उणेला क्षणभरच टेकवा. बारीक "टप्" असा आवाज होईल आणि शंकू बाहेरच्या बाजूला उसळेल. तो आत गेला, तर तारा उलट्या आहेत. ही परीक्षा मोठ्या शंकूवर करावी. ट्विटरवर, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवर, करू नये, कारण त्याच्या वाटेत खालचे स्वर अडवणारा कपॅसिटर असतो आणि त्यातून काही कळतही नाही. ही खटपट नको असेल तर स्टिरिओतला बॅलन्स मध्यावर ठेवून गाणे लावा आणि एकाच दारातल्या तारा मुद्दाम उलट करून पाहा. ज्या जोडणीत खर्ज भरतो, ती बरोबर.

दुसरा संशय फटीचा, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा खरा गुन्हेगार हाच असतो. शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा त्याच्या पाठीमागे तेवढीच हवा ओढली जाते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली, की दोघी फिटतात आणि खर्ज उरत नाही. स्पीकरच्या मागच्या लहरीला मागेच कोंडून ठेवणे, एवढेच खरे तर दाराचे काम. आता पॅनेल उघडून समोर बसा. जुना स्पीकर आपल्या प्लास्टिकच्या गोल पिंजऱ्यासकट पत्र्यावर घट्ट बसत होता, आणि नवा तुम्ही पातळ रिंगवर चार स्क्रूंनी कसला आहे. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये नख जाईल एवढी जरी फट दिसली, तरी खर्ज तिथूनच निसटतो आहे. रिंगच्या खाली चिकट फोमची पट्टी सबंध फिरवा, आणि स्पीकरच्या पुढच्या कडेवर दुसरी अशी लावा की ती दाराच्या जाळीच्या मागच्या कडेला टेकेल. या दुसऱ्या पट्टीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ती नसली की आवाजाचा काही भाग केबिनमध्ये येण्याऐवजी पॅनेलच्या मागेच भटकतो आणि क्लिपा खडखडतात.

मग दाराच्या आतल्या पत्र्याकडे पाहा. त्याला हाताचा पंजा जाईल एवढी मोठाली भोके असतात आणि कंपनीने त्यांवर प्लास्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना तो फाटला किंवा अर्धवट सुटा राहिला, तर पावसाचे पाणी आत पॅनेलपर्यंत येते आणि आवाजही गळतो. भोके पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा कडक प्लास्टिकच्या तुकड्याने झाकून त्यावर ब्यूटाइल रबराची डँपिंग शीट लावावी. बाहेरच्या पत्र्यालाही आतून हीच शीट लावावी, पण ती इंचन् इंच भरण्याची गरज नाही. पत्र्याच्या मधल्या, सर्वांत जास्त थरथरणाऱ्या भागात साधारण पाव क्षेत्रफळ व्यापले तरी बहुतेक लाभ पदरात पडतो. पत्रा आधी स्पिरिटने पुसा, शीट रोलरने अशी दाबा की तिच्या वरची नक्षी सपाट होईल. शीट लावण्यापूर्वी आणि नंतर बाहेरच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहा. आधीचा डब्यासारखा "टण्ण" जाऊन तिथे जड, बुजलेला "ठप" ऐकू आला, की काम झाले. दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी भोके असतात, ती मात्र चुकूनही बुजवू नका, नाहीतर दार आतून गंजेल. आणि पॅनेल बंद करण्यापूर्वी काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला घासत नाही ना, हे तपासा.

तिसरे कारण तुमच्या हातचे नाही. कंपनी आपल्या कमकुवत स्पीकरला साजेल असा बेस स्टिरिओमध्येच वाढवून ठेवते, आणि तो उठाव त्या स्पीकरच्या गुणदोषांना बेतलेला असतो. नव्या स्पीकरला तो जुळेलच असे नाही. पहिल्या दोन गोष्टी नीट केल्यावरही उणीव राहिली, तर पुढच्या उत्तरातला उपाय पाहावा.

प्रश्न: माझ्या गाडीत एसी, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सगळ्या सेटिंग्ज स्टिरिओच्याच पडद्यावर आहेत. तो काढता येणार नाही असे सर्वांनी सांगितले. मग आवाज सुधारण्याचा नाद सोडून द्यावा का?

उत्तर: मुळीच सोडू नका. तुमच्यासारख्या गाड्यांत स्टिरिओला हात न लावणे हेच शहाणपणाचे आहे, आणि त्यामुळे फार काही गमवावे लागत नाही.

पूर्वी स्टिरिओ हा 180 मिलिमीटर रुंद आणि 50 किंवा 100 मिलिमीटर उंच अशा ठरीव मापाचा सुटा डबा असे, त्यामुळे तो बदलणे सोपे होते. आता तो गाडीच्या अंतर्गत डेटा-जाळ्याशी जोडलेला असतो आणि काढला तर इतर सोयीही मुक्या होतात. अशा वेळी त्याच्याकडून स्पीकरकडे जाणारा सिग्नलच वाटेत उचलायचा. पुष्कळ ॲम्प्लिफायरना हल्ली स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेण्याची सोय असते. ती नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर, म्हणजे स्पीकरच्या तारेतला मोठा सिग्नल ॲम्प्लिफायरला चालेल एवढा लहान करणारा जोड, घालावा लागतो. पण थोडा जास्त खर्च करणे शक्य असेल, तर मी डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर असलेला ॲम्प्लिफायर घ्यायला सांगेन. त्याची दोन कारणे आहेत.

एक म्हणजे, कंपनीचा स्टिरिओ सिग्नलमध्ये स्वतःची ढवळाढवळ करतो. आवाज वाढवत नेला की कंपनीचे नाजूक स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक स्टिरिओ बेस हळूहळू छाटतात, आणि काही गाड्यांत तर पुढच्या दारातला ट्विटर आणि मोठा स्पीकर यांना आधीच वेगवेगळे स्वर वाटून दिलेले असतात. डीएसपीमध्ये हे तुकडे पुन्हा जोडता येतात आणि कंपनीने घातलेला उठाव सपाट करता येतो. मात्र आवाजाबरोबर कमी होत जाणारा बेस पूर्णपणे भरून काढणे अवघड असते, म्हणून गाडीत नेहमी जेवढ्या आवाजात ऐकता, तेवढ्यावरच सगळी जुळणी करावी.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. चालक कधीच दोन स्पीकरच्या मधोमध बसत नाही. जवळचा स्पीकर कानापासून 90 सेंटिमीटरवर आणि दूरचा 145 सेंटिमीटरवर आहे असे धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर, म्हणजे 55 सेंटिमीटरच्या फरकाला सुमारे 1.6 मिलिसेकंद लागतात. एवढ्याशा फरकाने दोन गोष्टी घडतात. गायक समोर उभा न वाटता जवळच्या दारात बसल्यासारखा वाटतो. शिवाय 310 हर्ट्झच्या आसपासचे स्वर दोन्हीकडून उलट स्थितीत कानावर येऊन एकमेकांना खातात, आणि माणसाच्या आवाजातला भरदारपणा बराचसा तिथेच असतो. डीएसपीमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावला, की आवाज दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. ज्याने हे पहिल्यांदा ऐकले तो हातातले काम थांबवून समोर पाहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. स्पीकरची किंमत दुप्पट करूनही हा परिणाम मिळत नाही.

काम देताना दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. गाडीच्या मूळ तारा कापायच्या नाहीत. तुमच्या गाडीसाठी तयार कपलर (मूळ प्लगमध्ये बसणारा जोड) मिळत असेल तर तोच मध्ये जोडायचा, म्हणजे पुढेमागे सगळे काढून गाडी मूळ स्थितीत आणता येते आणि वॉरंटीचा वाद उद्भवत नाही. आणि सीटबेल्टची वा पार्किंगची सूचना देणारे बारीक आवाज स्पीकरमधून येत असतील, तर काम झाल्यावर ते पूर्वीसारखे ऐकू येतात याची खात्री करून मगच गाडी ताब्यात घ्यायची.

प्रश्न: ॲम्प्लिफायर बसवल्यापासून इंजिन चालू केले की स्पीकरमधून शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. शिवाय गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. ज्यांनी काम केले ते म्हणतात, मोठी बॅटरी टाका.

उत्तर: मोठी बॅटरी टाकू नका. शिट्टीशी तिचा संबंध नाही, आणि बॅटरी बसण्याचे कारणही शोधून काढता येण्याजोगे आहे.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राकडून, येते. स्टिरिओचे अर्थिंग एका ठिकाणी आणि ॲम्प्लिफायरचे दुसऱ्या ठिकाणी असते, आणि त्या दोन जागांमध्ये अगदी थोडा जरी विद्युतदाबाचा फरक राहिला, तरी तो सिग्नलच्या तारेच्या जाळीतून वाहू लागतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाच गाणे समजून मोठा करतो. म्हणून आधी ॲम्प्लिफायरची काळी तार पाहा. ती शक्य तितकी आखूड, पॉवरच्या तारेइतकीच जाड आणि थेट गाडीच्या सांगाड्याच्या पत्र्यावर घट्ट कसलेली असावी. त्या जागेचा रंग घासून चकचकीत धातू उघडा पाडलेला हवा. सीटचा किंवा सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा वाटतो म्हणून तिथे तार अडकवतात, ते चूक आहे. एक तर त्यावर रंग वा डिंक असतो, आणि सुरक्षेसाठी असलेल्या बोल्टखाली भलतेच काही घालणे धोक्याचे आहे. अर्थिंग सुधारूनही शिट्टी राहिली, तर ॲम्प्लिफायरच्या सिग्नलच्या पिना काढून पाहा. पिना काढल्यावर शिट्टी गेली तर ती स्टिरिओच्या बाजूने येते आहे. न गेली तर ॲम्प्लिफायरचा पॉवर, अर्थिंग किंवा तो स्वतः. ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारा खटका, गरजेपेक्षा जास्त असला तरी लहानशी शिट्टी मोठी होते, हेही ध्यानात ठेवा.

आता बॅटरी. ॲम्प्लिफायरला जागे करणारी एक बारीक तार असते, तिला रिमोटची तार म्हणतात. ती स्टिरिओऐवजी कायम चालू असलेल्या तारेला जोडली गेली, की गाडी बंद असतानाही ॲम्प्लिफायर जागाच राहतो. नुसत्या जागे राहण्यात तो 1 ॲम्पिअर ओढत असेल, तर दोन दिवसांत 48 ॲम्पिअर-तास होतात आणि लहान गाडीची बॅटरीच मुळात 35 ते 45 ॲम्पिअर-तासांची असते. तुमचे दोन दिवस या हिशेबाशी तंतोतंत जुळतात. गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबा आणि ॲम्प्लिफायरवरचा दिवा पाहा. तो जळत असेल तर चोर सापडला. दिवा विझलेला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या तारेतला प्रवाह मोजून घ्या. गाडीतली सगळी यंत्रे झोपल्यावर तो साधारण 50 मिलिॲम्पिअरच्या आत असायला हवा.

प्रश्न: ॲम्प्लिफायरमध्ये फ्यूज असतोच, मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला, असे फिटर म्हणतो. ते बरोबर आहे का? तार किती जाड घ्यावी?

उत्तर: ते साफ चूक आहे, आणि या एका बाबतीत कोणाचेही ऐकून तडजोड करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ॲम्प्लिफायरमधला फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज तारेला, म्हणजे पर्यायाने गाडीला आणि आत बसलेल्या माणसांना वाचवतो. बॅटरीपासून निघालेली तार इंजिनच्या कप्प्यातून, लोखंडी पडद्याच्या भोकातून, सीटखालून मागे जाते. वाटेत कुठेही तिचे आवरण कापले आणि तांबे पत्र्याला लागले, तर बॅटरी क्षणात शेकडो ॲम्पिअर सोडते आणि तार लाल होऊन गालिचा पेटवते. ॲम्प्लिफायरमधल्या फ्यूजपर्यंत तो प्रवाह पोहोचतच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा, आणि पत्र्यातून तार जाते तिथे रबराचे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेपासून तारेला वाचवणारे कडे, हवेच.

जाडीचा हिशेब असा. चार चॅनेलचा, प्रत्येकी 50 वॅटचा डी वर्गातला (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे 18 ते 20 ॲम्पिअर ओढतो. 5 मीटर लांब आणि 8 चौरस मिलिमीटर जाड शुद्ध तांब्याच्या तारेत तेवढ्या प्रवाहाला साधारण 0.2 व्होल्ट कमी होतात, ते चालण्यासारखे आहे. मात्र बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तार सर्रास मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच असते, म्हणून ती घ्यायचीच झाली तर एक माप जाड घ्यावी. ओळखायला सोपे आहे: एक धागा काढून पातीने खरवडा, आत चंदेरी दिसले तर ते तांबे नव्हे.

प्रश्न: लहान गाडी आहे आणि डिकी सामानाला लागते. सबवूफर घ्यावा का? कोणत्या पेटीचा? आणि ॲम्प्लिफायरवरचे खटके कसे लावायचे?

उत्तर: सबवूफर म्हणजे फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर. खर्जाची आवड असेल तर घ्यावा, आणि खर्जापेक्षाही त्याचा दुसरा फायदा मोठा आहे. सबवूफर आला की 80 हर्ट्झच्या खालचे काम दारांतल्या स्पीकरकडून काढून घेता येते. ते मोकळे झाले की गायकाचा आवाज आणि तबल्याची चाट दोन्ही उजळतात, आणि दारेही खडखडत नाहीत.

डिकी वाचवायची असेल तर सीटखाली बसणारा, ॲम्प्लिफायर आतच असलेला चपटा सबवूफर पुरेल. तो डग्ग्याची घुमक देतो, पण 40 हर्ट्झच्या खाली त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. डिकीचा एक कोपरा देता येत असेल तर दहा इंची सबवूफर बंद पेटीत बसवावा. नळी असलेली पेटी तेवढ्याच शक्तीत जास्त दणका देते, पण ती आकाराने मोठी असते आणि तिच्या ठरलेल्या स्वराच्या खाली शंकूवरचा ताबा सुटतो. लहान गाडीत बंद पेटीच्या बाजूने आणखी एक गोष्ट असते. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या पुढे जाते, केबिन त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे अगदी खालच्या स्वरांना केबिन स्वतःच उचलून धरते. बंद पेटीचा आवाज खाली उतरताना हळूहळू कमी होतो आणि केबिन तो भरून काढते, ही जोडी छान जमते. पेटी कोणतीही असो, ती पट्ट्यांनी किंवा बोल्टने पक्की बांधा. जोराचा ब्रेक लागला तर एवढे वजन सुटे असता कामा नये.

आता गेन. गेनचा खटका आवाज वाढवण्यासाठी नसतो. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प्लिफायरचे मोजमाप जुळवण्यासाठी तो दिलेला असतो. स्पीकरच्या तारा सोडवा, स्टिरिओतले टोन शून्यावर ठेवा, आवाज पाऊण ठेवा आणि ठरीव स्वराची ध्वनिफीत लावा. दारांच्या स्पीकरसाठी 1,000 हर्ट्झ, सबवूफरसाठी 50 हर्ट्झ. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तो ॲम्प्लिफायरच्या टोकांना लावा आणि गेन हळूहळू वाढवा. थांबायचे कुठे, ते शक्तीला अवरोधाने गुणून वर्गमूळ काढले की कळते. 50 वॅट आणि 4 ओहम असतील तर 14.1 व्होल्ट, 300 वॅट आणि 2 ओहम असतील तर 24.5 व्होल्ट. सबवूफरला दोन कॉइल असतील, तर 4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्यावर 2 आणि एकसर जोडल्यावर 8 ओहम होतात. ॲम्प्लिफायर किती ओहमपर्यंत झेपवतो ते पाहूनच जोडणी ठरवा. नंतर सबवूफर 80 हर्ट्झच्या खाली आणि दारांचे स्पीकर 80 हर्ट्झच्या वर, असे फिल्टर लावा. शेवटी सबवूफरची फेज, म्हणजे शंकू आधी पुढे जातो की मागे ती दिशा, उलट करून ऐका. चालकाच्या जागेवरून ज्या स्थितीत खर्ज भरीव वाटतो आणि डिकीतून न येता समोरून आल्यासारखा भासतो, तीच ठेवा.

प्रश्न: मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी बसते. नव्या स्पीकरमुळे तिच्या कानांना त्रास होईल का?

उत्तर: चांगल्या स्पीकरचा धोका हा, की आवाज फाटत नसल्याने तो किती मोठा झाला आहे हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फोनसारख्या साधनांसाठी घातलेली मर्यादा मोठ्यांना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांना तेवढ्याच वेळासाठी 75 डेसिबल अशी आहे, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. गाडी उभी करून, मुलगी बसते त्या जागी तिच्या कानाच्या उंचीवर फोन धरा आणि ध्वनिमापक ॲपवर, तुम्ही नेहमी लावता त्या आवाजात मोजा. सबवूफरची पेटी डिकीत असेल तर डिकीचे झाकण लावूनच मोजावे. आकडा जास्त आला तर फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटून देणारी सेटिंग, पुढे सरकवा. मागच्या दारांतले स्पीकर अगदी मंद केले तरी पुढे बसणाऱ्यांचे संगीत बिघडत नाही, उलट समोरचा आवाज अधिक नेटका होतो. त्यामुळे मागचे स्पीकर बदलायचे मनात असेल तर ते पैसे वाचवा आणि पुढच्या दारांच्या डँपिंगला लावा.